होम थिएटरचे लाकडी स्पीकर स्टँड घरी कसे बनवावेत?

होम थिएटरचा संच घरात आला की पुढचे दोन स्पीकर बहुतेक घरांत टीव्ही युनिटवर, टीव्हीला खेटून बसतात. मागचे दोन कुठे स्टुलावर, कुठे पुस्तकांच्या कपाटावर, तर कुठे थेट फरशीवर. मग आवाज एका कोपऱ्यात गोळा झाल्यासारखा येतो, घुमतो, आणि दोष अँप्लिफायरच्या माथी जातो. खरं तर अर्ध्याहून अधिक वेळा गडबड उंचीची आणि जागेची असते. ती दुरुस्त करायला अर्धा प्लाय, एक ड्रिल आणि दोन-तीन सुट्ट्या पुरतात.

तयार स्टँड मिळतात, पण ते ठरावीक उंचीचे असतात. तुमचा सोफा, तुमची बैठक आणि तुमचा स्पीकर यांचा मेळ त्या उंचीशी बसेलच असं नाही. घरी बनवण्याचं मुख्य कारण हेच. पैसे वाचतात तो वरचा फायदा.

आधी उंची, मग लाकूड

रोज जिथे बसून सिनेमा पाहता तिथे, नेहमी बसता तसेच बसा, म्हणजे मोजमापासाठी मुद्दाम ताठ न होता. दुसऱ्याला सांगून फरशीपासून कानापर्यंतची उंची मोजून घ्या. सोफ्यावर ती सहसा ३६ ते ४० इंच भरते. घरात गादी-लोडाची भारतीय बैठक असेल तर बरीच कमी येईल, आणि तयार स्टँड अशा घरात हमखास उंच पडतात.

आता स्पीकरच्या तळापासून ट्वीटरच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ट्वीटर म्हणजे वरचा छोटा घुमट, बारीक आवाज काढणारा. कानाच्या उंचीतून हे अंतर वजा केलं की स्टँडची उंची मिळाली. या लेखात एक नेहमीचं माप धरू: कान ३८ इंचांवर, ट्वीटर तळापासून ११ इंचांवर, म्हणजे स्टँड २७ इंच. स्पीकर ८ इंच रुंद, ११ इंच खोल, १४ इंच उंच आणि साधारण ७ किलोचा. तुमची मापं वेगळी असतील तर पुढचे आकडे त्याप्रमाणे बदला.

ट्वीटरच कानासमोर का हवा? १०० हर्ट्झच्या खर्जाची लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते. ती खोलीभर पसरते, तिला स्पीकर थोडा खाली-वर असल्याने फरक पडत नाही. १०,००० हर्ट्झची लाट मात्र जेमतेम साडेतीन सेंटिमीटरची. असा आवाज टॉर्चच्या झोतासारखा सरळ जातो आणि झोताबाहेर बसलेल्याला मंद ऐकू येतो. शिवाय कान खूप वर किंवा खाली असला की वूफर (खर्ज काढणारा मोठा पडदा) आणि ट्वीटरपासूनची अंतरं बदलतात, आणि दोघंही मिळून वाजवतात त्या पट्ट्यात, म्हणजे साधारण दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास, आवाजाला खड्डा पडतो. माणसाच्या बोलण्यातली स्पष्टता बरीचशी याच भागात असते.

कापाकापी करण्याआधी एक संध्याकाळ प्रयोगाला द्या. विटा, पाट, जाड पुस्तकं, जे असेल ते रचून स्पीकर ठरलेल्या उंचीवर ठेवा आणि ओळखीचा सिनेमा लावा. मग दोन इंच वर, दोन इंच खाली करून पाहा. विटांचा ढीग डगमगता असतो, म्हणून तेवढा वेळ मुलांना आणि मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा. मागच्या स्पीकरसाठी कानाच्या पातळीपेक्षा थोडं वर गेलं तरी चालतं. उलट सोफ्याची पाठ उंच असेल तर वर न्यावंच लागतं. सबवूफरला स्टँड नको, तो जमिनीवरच राहू दे. सेंटर स्पीकर टीव्हीखाली असेल तर त्याच्या पुढच्या कडेखाली लाकडाची छोटी पाचर सरकवून तोंड कानाकडे वळवलं की काम झालं.

कोणतं लाकूड?

नवख्याने पाऊण इंची म्हणजे १९ मिलिमीटर प्लायवुड घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. प्लाय पावसाळ्यात फारसा फुगत-आकसत नाही, सरळ मिळतो, आणि दुकानदाराकडे पॅनेल सॉ, म्हणजे अख्खा प्लाय सरळ कापणारं यंत्र, असेल तर तिथेच मापात कापून मिळतो. हॉलमध्ये ठेवायच्या वस्तूला मरीन प्लायची गरज नाही. आयएस ३०३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला साधा प्लाय पुरतो. कोकणात किंवा समुद्राजवळ राहत असाल तर बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणाऱ्या प्रतीचा घ्या.

प्लाय घेताना वरच्या चेहऱ्यापेक्षा कडा पाहा. थरांमध्ये भोकं किंवा फटी दिसल्या तर तो परत ठेवा. नाण्याने जागोजागी ठोकून बघा. एकसारखा ठणठणीत आवाज यायला हवा, मध्येच बद्द वाजलं तर आत पोकळी आहे. जमिनीवर आडवा ठेवून कोपरे उचललेले नाहीत ना, तेही बघून घ्या. पार्टिकल बोर्ड किंवा जुन्या कपाटाचे एमडीएफचे तुकडे फुकट मिळाले तरी खांबासाठी नको: त्यांच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही.

सागवानाचा मोह होतोच. नवं सागवान घेण्यापेक्षा पाडलेल्या वाड्यांच्या जुन्या चौकटी बघा. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटच्या परिसरात, मुंबईत रे रोडच्या बाजूला, आणि बहुतेक जिल्ह्याच्या गावांत जुनं लाकूड विकणाऱ्या वखारी असतात. पाच बाय तीनची जुनी चौकट म्हणजे तयार भरीव खांबच. पेटी बनवायची गरज नाही. मुरलेलं लाकूड असल्याने ते आता वाकडं व्हायची भीतीही कमी. मात्र कापण्याआधी लोहचुंबक फिरवून आतले खिळे शोधा, नाहीतर करवतीचं पातं जाईल. आणि लाकडावर बारीक भोकं, त्याखाली पिवळसर भुकटी दिसली तर ती कीड तुमच्या टीव्ही युनिटपर्यंत पोहोचायला वेळ लागणार नाही.

कापणीची यादी

आपला स्टँड तीन भागांचा: खाली दुहेरी प्लायचा तळ, मधे चौकोनी पोकळ खांब, वर पाट. उंचीचा हिशेब असा: रबराचे पाय अर्धा इंच, तळ दीड इंच, वरचा पाट पाऊण इंच. २७ मधून हे पावणेतीन गेले की खांब सव्वाचोवीस इंचांचा उरतो.

दोन स्टँडसाठी हे तुकडे लागतील:

- तळ: १२ बाय १४ इंचांचे ४
- खांबाच्या पुढच्या-मागच्या फळ्या: ५ बाय सव्वाचोवीसच्या ४
- खांबाच्या बाजूच्या फळ्या: साडेतीन बाय सव्वाचोवीसच्या ४
- वरचा पाट: ८ बाय १० इंचांचे २
- खांबाच्या दोन्ही तोंडांत बसणारे ठोकळे: साडेतीन बाय साडेतीनचे ८, दोन-दोन एकावर एक चिकटवून

हे सगळं ४ बाय ४ फुटांच्या अर्ध्या प्लायमध्ये बसतं, पण एक खोच आहे. सव्वाचोवीसचे दोन तुकडे म्हणजे साडेअठ्ठेचाळीस इंच, आणि प्लाय अठ्ठेचाळीसचाच. त्यामुळे लांब पट्ट्या काढून मधोमध तोडायचा विचार करू नका. खांबाच्या आठही फळ्या एका ओळीत शेजारी-शेजारी घ्या. करवतीची वाट, म्हणजे कापताना भुशात जाणारी जागा, दर कापाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) धरली तरी त्या ३५ इंचांत मावतात. त्या ओळीच्या उरलेल्या भागात एक तळ आणि एक पाट निघतो. दुसऱ्या ओळीत तीन तळ, एक पाट आणि ठोकळे. आधी कागदावर आखा, मग तोच कागद दुकानात दाखवा. वरच्या थरातल्या लाकडाच्या रेषा खांबाच्या लांबीने जातील असं बघा; पॉलिश केल्यावर फरक डोळ्यांत भरतो.

दुकानात कापून मिळत नसेल तर ओळखीच्या सुताराकडे जा. घरी कापायचंच असेल तर जिगसॉ किंवा चांगली हातकरवत वापरा. फरशी कापायच्या कटरला किंवा ग्राइंडरला लाकडाचं पातं लावून काम करणारे पुष्कळ दिसतात. ते बघून शिकू नका. लाकडात पातं अडकलं की ते यंत्र हातातून उसळी घेतं, आणि नवख्याला सावरायला वेळ मिळत नाही. कापताना आणि घासताना चश्मा-मास्क हवाच.

खांबाच्या चार फळ्यांची लांबी अगदी एकसारखी असणं सगळ्यांत महत्त्वाचं. चारही एकत्र उभ्या करून सपाट फरशीवर ठोका आणि वरून हात फिरवा. एखादी अर्धा सूतही उंच वाटली तर रंध्याने किंवा काचकागदाने आत्ताच उतरवा. तळ किंवा पाट थोडा मागेपुढे झाला तर कुणाला कळत नाही, पण खांबाचं तोंड तिरकं असलं की स्टँड जन्मभर कलता राहतो.

जोडणी

आधी ठोकळे. दोन-दोन तुकडे फेविकॉलने चिकटवून त्यांवर काहीतरी जड ठेवा आणि रात्रभर विसरा.

मग खांब. मागची पाच इंची फळी फरशीवर आडवी ठेवा, दोन्ही कडांना फेविकॉलची सलग रेघ ओढा, बाजूच्या फळ्या उभ्या करा, मधे दोन्ही टोकांना ठोकळे फेविकॉल लावून बसवा आणि वरून पुढची फळी ठेवा. ठोकळे आत असल्यामुळे पेटी आपोआप काटकोनात येते, तरी गुण्या लावून पाहाच. वरच्या टोकाच्या ठोकळ्याला एक इंची भोक आधीच पाडून ठेवा, पुढे वाळू भरायला लागेल. आतल्या सांध्यांवरून बोटाने फेविकॉल फिरवायचं ते पुढची फळी बसवण्याआधीच. बारीकशी फट राहिली तरी वाळू महिनोन्महिने गळत राहते आणि घरातली माणसं तुम्हाला त्याची रोज आठवण करून देतात.

क्लॅम्प नसतील तर सायकलची जुनी ट्यूब कापून तिच्या लांब पट्ट्या करा आणि ताणून खांबाभोवती गुंडाळा. रबराचा ताण चारही बाजूंनी सारखा बसतो, खुणा पडत नाहीत. बाहेर आलेलं फेविकॉल ओलं असतानाच ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या फेविकॉलवर पॉलिश धरत नाही, तिथे फिके डाग राहतात. पट्ट्या दुसऱ्या दिवशी सोडा. पावसाळ्यात एक दिवस आणखी थांबलेलं बरं.

तळाचे दोन थर चिकटवताना कडा जुळवून खालून चार सव्वा इंची स्क्रू मारा. मग तळावर खांबाची जागा आखा. ती अगदी मध्यावर न घेता एखादा इंच मागे घ्या. समोरून स्टँड हलका दिसतो आणि मागची वायर तळाच्या आतच राहते. खांब उलटा उभा करून त्यावर तळ ठेवा आणि तळातून ठोकळ्यात अडीच इंची चार स्क्रू घ्या. प्रत्येक स्क्रूसाठी आधी अडीच-तीन मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि डोकं आत बसेल इतपत काउंटर काढायचा. फळ्यांच्या कडेत थेट स्क्रू मारला तर प्लायचे थर फाकतात. ठोकळ्यांचा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. स्क्रूंबरोबर फेविकॉल लावायला विसरू नका. काळे जिप्समचे स्क्रू स्वस्त मिळतात, पण ठिसूळ असतात. इथे साधे लाकडाचे स्क्रूच वापरा.

वाळू, वजन आणि कलंडण्याचा प्रश्न

पोकळ खांबावर टिचकी मारा, डब्यासारखा वाजेल. स्पीकर जोरात चालला की तोही वाजतो. कोरडी वाळू भरली की ही टिचकी मेल्यासारखी होते, कारण कंपनाची ताकद कणांच्या आपापसातल्या घासण्यात जिरते. आपल्या खांबात सव्वाचार लिटरच्या आसपास जागा आहे. दोन तृतीयांश भरली तर साधारण साडेचार किलो वाळू बसते, आणि तेवढी पुरे. काठोकाठ भरून वजन वाढतं, पण भार वर सरकल्याने स्थिरता फारशी सुधारत नाही.

वाळू समुद्राची नको, तिच्यातलं मीठ ओल ओढतं. प्लास्टरची बारीक वाळू किंवा क्रश सँड चाळून, धुऊन, गच्चीवर दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. शंका वाटली तर जुन्या लोखंडी कढईत भाजून घ्या आणि पूर्ण गार झाल्यावरच भरा. नरसाळ्याने ओता, अधूनमधून खांबाला रबरी हातोडीने थोपटा, मग भोकावर रुंद टेप लावा. त्यावर पाट ठेवून वरून ठोकळ्यात दीड इंची चार स्क्रू. इथे मात्र फेविकॉल नको, उद्या स्पीकर बदलला तर पाटही बदलता आला पाहिजे.

आता कलंडण्याचा हिशेब. सात किलोचा स्पीकर वर ठेवल्यावर पूर्ण बांधणीचा भारमध्य फरशीपासून २० इंचांच्या आसपास येतो. १२ इंची तळावर, पाय कडेपासून पाऊण इंच आत धरले तर बाजूला साधारण १५ अंश कलेपर्यंत स्टँड सावरतो. मोठ्या माणसांच्या घरात हे ठीक. रांगतं मूल किंवा दांडगा कुत्रा असेल तर कमी आहे. तेव्हा तळाचा खालचा प्लाय काढून त्या जागी त्याच मापाचा कडप्पा लावा. स्वयंपाकघराचा ओटा करणाऱ्यांकडे कापलेले तुकडे पडून असतात. इंचभर जाडीचा तुकडा सात किलोंच्या पुढे भरतो आणि भारमध्य चार-पाच इंच खाली ओढतो. वाळूपेक्षा स्थिरतेला याचाच उपयोग जास्त. आधी प्लायचा तळ खांबाला दीड इंची स्क्रूंनी जोडा, नंतर कडप्पा सिलिकॉनने चिकटवा, आणि दगडाची खरी जाडी मोजून खांबाची लांबी त्याप्रमाणे आधीच कमी-जास्त करा.

लोखंडी अणकुचीदार पायांबद्दल खूप ऐकाल. ते गालिच्यातून आरपार जाऊन खालची जमीन पकडण्यासाठी असतात. आपल्या टाइल्सच्या फरशीवर त्यांनी फक्त ओरखडे पडतात. अर्ध्या इंचाचे रबरी बुश स्क्रूने लावा. फरशी समपातळीत नसेल तर फिरवून उंची बदलता येणारे पाय घ्या आणि वरच्या पाटावर पाणसळ ठेवून जुळवा. असल्या पायांनी, अमुक जातीच्या लाकडाने आवाजात जादू होते म्हणणाऱ्यांचं मनावर घेऊ नका. स्टँड घट्ट असावा, वाजू नये, योग्य उंचीचा असावा. त्यापलीकडचा खर्च स्पीकरवर केलेला बरा.

रंग-पॉलिश

इथे फार वेळ घालवायचं कारण नाही. १२० नंबरच्या काचकागदाने सुरुवात, २२० ने शेवट, नेहमी रेषांच्या दिशेने. प्लायचा वरचा थर अगदी पातळ असतो, जोर लावलात तर खालचा थर दिसू लागेल. कडा झाकायला सागवानी पट्टी चिकटवा, नाहीतर लांबी (पुट्टी) भरून प्रायमर आणि मॅट काळा रंग द्या. मला काळाच आवडतो: अंधाऱ्या खोलीत पडद्याचा उजेड त्यावर चमकत नाही. पॉलिश करायचं तर कोरड्या दिवसांत करा. दमट हवेत लाखेच्या पॉलिशवर आणि मेलामाइनवर पांढुरकी झाक येते आणि मग सगळं घासून पुन्हा करावं लागतं. तळाची खालची बाजूही रंगवा. फरशी पुसताना पाणी तिथूनच शिरतं.

जागेवर ठेवताना

पाटावर स्पीकर नुसता ठेवू नका. चार कोपऱ्यांना ब्लू-टॅकच्या, म्हणजे पुन्हा काढता येणाऱ्या चिकट लगद्याच्या, हरभऱ्याएवढ्या गोळ्या दाबून त्यावर बसवा. धक्का लागला तरी घसरत नाही आणि काढताना डाग राहत नाही. स्पीकरच्या तळाला उत्पादकाने आटे दिले असतील तर ते वापरा, स्वतः भोक पाडू नका.

पुढच्या दोन स्पीकरसाठी सोपी पद्धत: एक दोरी घेऊन बसायच्या जागेपासून एका स्पीकरपर्यंतचं अंतर मोजा आणि दोन्ही स्पीकरमध्ये तितकंच अंतर ठेवा. समभुज त्रिकोण झाला की प्रत्येक स्पीकर मध्यरेषेपासून ३० अंशांवर येतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीएस ७७५ ही शिफारस हाच कोन सांगते, आणि मागच्यांसाठी १०० ते १२० अंश, म्हणजे पाठीमागच्या भिंतीवर नव्हे तर कानांच्या किंचित मागे, बाजूला. आपल्याकडचे हॉल अरुंद असतात, एका बाजूला बाल्कनीचं दार असतं. ३० ऐवजी २२-२५ अंश मिळाले तरी निभावतं, पण दोन्हीकडे सारखे हवेत. स्पीकरच्या मागे हवेचं भोक असेल तर भिंतीपासून किमान फूटभर पुढे घ्या, नाहीतर खर्ज फुगतो.

वायर खांबाच्या मागून क्लिपांनी खाली आणा आणि तळाशी थोडी सैल ठेवून बांधा. पायात अडकली तर वायर सुटावी, स्टँड ओढला जाऊ नये.

शेवटी रिसीव्हरबरोबर (होम थिएटरच्या अँप्लिफायरबरोबर) आलेला मायक्रोफोन बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवून स्पीकरची आपोआप होणारी मोजणी पुन्हा चालवा. स्पीकरची अंतरं आणि पातळ्या बदलल्या आहेत, जुने आकडे आता उपयोगाचे नाहीत. पहिला पावसाळा गेल्यावर वरच्या पाटाचे स्क्रू एकदा पिळून बघा. अर्धा फेरा तरी आत जातातच.